गच्चीवर मारलेली गाठ

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्याही नाही. तुम्ही ना माझ्या सासरचे, ना माहेरचे — म्हणून तुमच्यापुढं जीभ रेटेल असं वाटतंय. बघू.

उमरग्यात आमचं घर आहे. खाली आम्ही, वर धाकटा दीर आणि माझी जाऊ, सारिका. पुढच्या खोलीत माझं पार्लर. एसी घेतला तो नवऱ्या मुलींसाठी. आमच्याकडच्या उन्हात चेहऱ्यावर मेकअप टिकतोय कुठं? त्याची बाहेरची मशीन गच्चीवर बसवली, सारिकाच्या दाराजवळ. गरम वारा तिच्या खोलीत जायचा. ती एकदाच बोलली होती, "अक्का, जरा तोंड फिरवून घ्या की त्याचं. लेकरू झोपंना दुपारचं." एकदाच — तेही हसून. पण माझ्या डोक्यात ते रुतून बसलं.

त्या उन्हाळ्यात एसी थंड करेनासा झाला. वारा यायचा, पण कोमट. सकाळी जरा बरा, दुपार झाली की नुसती घरघर. मी रिमोटचे सेल बदलले, जाळ्या काढून धुतल्या, स्टॅबिलायझरचा काटा बघितला. सगळं ठीक. मग बिघडलं काय? आधी वाटलं, सर्व्हिसिंगला आलेल्या इरफाननंच गॅस कमी केला असेल. मग लाईटच्या दाबावर संशय घेतला. आणि मग — खरं सांगू? — मग मला आवडेल असा संशय सापडला. सारिका.

पार्लर रिकामं असलं की मी जिन्यात उभी राहून कानोसा घ्यायची. ती गच्चीवर का गेली? इतका वेळ काय करत होती? वायर तर ओढली नसेल? ती फोनवर हसली तरी वाटायचं, मलाच हसतीय. अशात सास्तूरच्या एका नवरीचा मेकअप माझ्या डोळ्यांदेखत ओघळला. तिची आई पाहुण्यांसमोर मला नको नको ते बोलली. त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "वरूनच कुणीतरी करतंय. नाव मी घेत नाही." वर राहणारं दुसरं होतं कोण?

इरफानला बोलावलं. त्यानं तपासलं. "गॅस बराबर हाय, भाभी. बाहेरची मशीन बघू." मी, हे आणि दीर त्याच्या मागोमाग गच्चीवर गेलो. मशीनच्या मागच्या जाळीला एक जुनी साडी घट्ट चिकटली होती. तो म्हणाला, "वारा आत ओढायला जागाच न्हाय. मशीन तापतीय आन् आपोआप बंद पडतीय." मग त्यानं साडीचं टोक बघितलं. "उडून आलेली न्हाय ही. गाठ मारलीय. कुणी बांधली?"

मी बांधली होती.

मशीनला ऊन लागतंय, सावली केली तर गारवा वाढेल — असं मला वाटलं होतं. सारिकाची कुरडया वाळत घालायची साडी कठड्यावर पडली होती. ती उचलली, वरून टाकली, गाठ मारली आणि विसरून गेले. वाऱ्यानं ती मागं, भिंतीकडं घसरली असणार, म्हणून कुणाच्या नजरेत आली नाही. विसरले होते हे खरं — पण ती गाठ दिसेपर्यंतच. दिसली आणि लख्ख आठवलं.

तिथंच बोलले असते तर? सगळे हसले असते. इरफानही हसला असता. पण ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि इतके दिवस मी काय काय बोलले होते ते सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. मी म्हणाले, "साडी तर सारिकाची आहे."

बस्स. एवढंच वाक्य. त्यातला शब्दही खोटा नाही — असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय.

सारिका पिठाच्या हातानं बाहेर आली. "म्या कशाला बांधू, अक्का? म्या तर साडी हुडकत होते!" ती माझ्याकडंच बघत होती, मी इरफानकडं बघत होते. दीर तिच्यावर ओरडला — भावासमोर मान खाली गेली म्हणून. हे दिरावर ओरडले. इरफाननं साडी सोडली तसा खाली एसी गार वारा फेकू लागला होता आणि वर दोघं भाऊ आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलत होते. पुढं बोलणंच थांबलं. दिवाळीच्या आत दीर आणि सारिका लेकराला घेऊन सोलापूरला राहायला गेले.

परवा तुळजापूरला एका लग्नात ती भेटली. बारीक झालीय. मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं, आता विचारणार.

"अक्का," ती म्हणाली, "समदे म्हणत्यात तर म्याच बांधली असंन. कुरडयाच्या गडबडीत ध्यानात राहिलं नसंल. आमचे हे अजून बोलून दाखवत्यात. तुमी तरी मनात ठेवू नका."

हॉलमध्ये वाजंत्री चालू होती. आमच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा सांगायला काय हरकत होती?

मी तिचे हात हातात घेतले. म्हणाले, "जाऊ दे गं. मी कधीच माफ केलंय तुला."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.