तीन सिगारेटींचा सांधा

आळीत त्यांना सगळे धुराजीमिस्त्री म्हणत. खुर्च्या कराव्यात त्यांनीच, पण मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही. सांध्यात सरस भरून शिकंजा आवळला, की मिस्त्री दाराबाहेर उकिडवे बसून शिलगावत. सरस धरायला पायाला तीन सिगारेटी, पाठीला दोन, थंडीत एक वरकड. मग शिकंजा सोडला की सांधा हत्ती बसला तरी हलायचा नाही.

पुढं छातीनं असहकार पुकारला. रंध्याचे चार हात मारले की धाप. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, तर दर वळणावर कठडा धरून उभं राहावं लागलं.

नळी लावून बाई म्हणाल्या, "मिस्त्री, फळीला वाळवी लागली तर?"

"वेळेवर दिसली तर थांबवतो."

"मग थांबवा. खोकला उतरेल, दम परत येईल, काळजावरचा भार हलका होईल. दिवस ठरवा, घरात सांगा, पाकिटं फेका. तल्लफ म्हणजे आगंतुक पाहुणी, पाच मिनिटं विचारलं नाही की उठून जाते. तेवढा वेळ हाताला काम द्या. फारच अडलं तर या, औषध आहे. आणि मला एक खुर्ची करा. वर तुम्हीच आणायची."

ठरल्या दिवसापासून मिस्त्री लवंगा चघळू लागले आणि बारीकसारीक कारणावरून भांडू लागले. काही दिवसांनी जेवताना घास तोंडातच थबकला. "मीठ किती घातलंयस आज?"

"रोजचंच," बायको म्हणाली. "अळणी अळणी करत तुम्हीच वाढवायला लावलंत. मी आपली पाणी पिऊन संसार केला."

बाईंच्या खुर्चीला सरस लागला, शिकंजा आवळला. मिस्त्री दाराबाहेर बसले आणि पंचाईत झाली. आता वेळ मोजायचा कशानं? तल्लफेत घटकेचा प्रहर होतो. धरलं असेल म्हणून त्यांनी शिकंजा सोडला, बसून पाहिलं, आणि चार पाय चार वाटांनी गेले.

शेजारी बसून खुर्चीची वेताची बैठक विणणारी बायको म्हणाली, "दम सुधारला, आता कंबर घेऊन जा बाईंकडं."

मिस्त्री भुईवरूनच म्हणाले, "मला सिगारेटीशिवाय सांधा जमत नाही. एकच ओढतो, मापापुरती."

"आज मापापुरती, उद्या मनापुरती." तिनं वेताची पट्टी पुढं केली. "तुमच्या एका सिगारेटीत माझ्या चार ओळी व्हायच्या. इतकी वर्षं इथं तुमच्या धुरात नुसती खोकत बसले होते का मी? सरका, विणायला घ्या."

मिस्त्रींनी पुन्हा सरस भरून शिकंजा आवळला आणि वेत हाती घेतला. ओळी वाकड्या आल्या, हात रांगणाऱ्या पोरासारखे अडखळले. तल्लफ आली, घुटमळली, दोन्ही हात गुंतलेले पाहून निघून गेली. बारा ओळी झाल्यावर त्यांनी शिकंजा सोडला. सांधा दगडासारखा. कापलेल्या लाकडाचा वास नाकात शिरला, तो त्यांना कितीतरी दिवसांनी भेटत होता.

खुर्ची खांद्यावर घेऊन मिस्त्री दवाखान्याचा जिना चढू लागले, मागोमाग बायको. दुसऱ्या मजल्यावर सवयीनं थांबले, कठडा धरला, आणि ध्यानात आलं की थांबायला काही कारणच नाही.

खालच्या वळणावरून बायकोनं हाक मारली, "अहो, जरा थांबा की. मला धाप लागलीय."

मिस्त्रींनी खुर्ची तिथंच मांडली. "ये, बैस. तुझ्या चार ओळी होईस्तोवर थांबतो."