उष्णतेपासून लांब

लॅबमध्ये सरांनी माझ्या सर्किट बोर्डाच्या आराखड्यावर बोट ठेवलं. "हा कपॅसिटर तापणाऱ्या भागाला खेटून का? रोजच्या उष्णतेनं तो आतून सुकत जातो, वरून कळतही नाही." मी माउसनं तो कडेला सरकवला. इतकं सोपं होतं ते.

माझी आई फरसाणाच्या दुकानात कढईपुढे उभी असते. परवा तिला घेरी आली, म्हणून तिनं पॅकिंगचं काम मागितलं. शेठ म्हणाले, "मावशी, तळणाला तुमचाच हात लागतो."

संध्याकाळी तिनं विचारलं, "आज काय शिकलीस?"

मी कपॅसिटरचं सांगितलं. ती हसली. "नशीबवान गं तो. न मागता हलवलंस त्याला."

नखाएवढ्या भागाला जपायला कॉलेजात अख्खा विषय आहे. तो मी मन लावून शिकते. आई उद्याही कढईपुढेच असेल.