भिंतीवरचा कॅप्टन

माझे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुढच्याच प्रजासत्ताक दिनाला त्यांना मानाचा हुद्दा मिळाला, ऑनररी कॅप्टन. आमच्या भाजे गावात आम्ही घरोघरी पेढे वाटले. त्या मानाचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं, आणि बाबांनी ते तिथंच राहू दिलं.

पेन्शनचं गणित त्यांना तोंडपाठ. "शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन. महागाई भत्ता वर येगळा. मानूस गेला की बायकूला त्याहून कमी." आसपासचे फौजी, त्यांच्या विधवा, सगळे कागदांची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर. बाबा कुणाचा रुपया घ्यायचे नाहीत, उलट आईलाच चहा ठेवायला सांगायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि इतका हट्टीही नाही!

मानाचा हुद्दा मिळाला की पेन्शन त्या हुद्द्याप्रमाणे नव्यानं ठरते, फक्त अर्ज करावा लागतो, हे गावाला सांगणारे बाबा स्वतःच्या प्रत्येक कागदावर मात्र 'सुभेदार'च लिहायचे. मी भांडायचे. ते म्हणायचे, "त्यो मान हाय, पोरी. मानाचं कुनी पैसं मागतं व्हय?" घ्या!

मागच्या वर्षी सुदुंबऱ्याची एक मावशी आली. तिचा नवरा हवालदार, त्यालाही निवृत्तीनंतर नायब सुभेदाराचा मान मिळालेला. पण त्या भल्या माणसानंही अर्ज केलाच नाही, आणि तसाच गेला. हिची पेन्शन हवालदाराच्याच हिशेबानं चालू. गुडघे दुखत असताना बाबांनी तिच्यासाठी देहूरोडच्या फौजी कचेरीत सात खेपा घातल्या. दुरुस्त झालेला कागद हातात आला तशी मावशी रडायलाच लागली. "भाऊ, लय उपकार झालं," म्हणाली. मला बाबांचा असा अभिमान वाटला म्हणता!

ती गेल्यावर आई कपबशा उचलता उचलता म्हणाली, "तिच्यासाटी तुमी भांडलात. माज्यासाटी कोन भांडंल? तवा तुमी तर नसनार."

बाबांनी चष्मा लावला, कोरा अर्ज पुढ्यात घेतला आणि हुद्द्याच्या रकान्यात पहिल्यांदा 'ऑनररी कॅप्टन' लिहिलं.

आई शेजारी वाकून बघत होती.

"जरा मोट्टं लिवा की," ती म्हणाली.