रुवैसच्या वाटेवर ऐकलेला जुना रस्ता

देवावरचा माझा विश्वास डळमळेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या एका ऑगस्टच्या दुपारी तो एका फोनने हलला. आम्ही अबुधाबीत राहायचो. हे रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला, आठवड्याच्या सुट्टीलाच घरी यायचे. फोनवर कुणी अनोळखी माणूस हिंदीत म्हणाला की तुमच्या मिस्टरांना छातीत कळ आली आहे, रुवैसच्या हॉस्पिटलात या. आणि फोन कट झाला. मी देवापुढे बसले, पण लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्राचं एक अक्षर आठवेना. हात जोडलेले आणि डोकं कोरं.

टॅक्सीसाठी धावत बाहेर पडले, तर समोरच्या फ्लॅटमधले तनाबे-सान दारात भेटले. एकटे राहणारे जपानी इंजिनिअर; दोन वर्षांत आमचं बोलणं हसण्यापलीकडे गेलं नव्हतं. काय झालं ते ऐकलं आणि ते गाडीची किल्लीच घेऊन आले.

अडीच तासांची वाट, दोन्हीकडे नुसती वाळू. मी सारखी घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळाने ते मोडक्या इंग्रजीत आपल्या गावाबद्दल बोलू लागले. एदोहून, म्हणजे जुन्या तोक्योहून, डोंगरांतून क्योतोला जाणारा नाकासेन्दो नावाचा राजरस्ता होता. त्यावर एकोणसत्तर टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या गावात घोडे आणि हमाल तयार असायचे. ते सामान पुढच्या गावापर्यंत न्यायचे, तिथल्या लोकांच्या हवाली करायचे आणि माघारी फिरायचे. पुढे आगगाडी आली आणि ती गावं ओस पडली. तनाबे-सानांचं गाव त्यांतलंच एक; त्यांचे पणजोबा तिथे असेच हमाल होते.

“पणजोबांनी क्योतो कधी पाहिलं नाही,” ते म्हणाले. “सामान पोचलं की नाही, तेही त्यांना कळायचं नाही.”

मला रागच आला. माझं माणूस तिकडे जगतंय की नाही ठाऊक नाही आणि तनाबे-सान इतिहास सांगताहेत! पण मधल्या वेळात मी घड्याळ बघायचं विसरले होते.

हॉस्पिटलात पोचलो, तर हे शुद्धीवर होते. केरळच्या नर्सने सगळं सांगितलं. कामासाठी एकटेच गाडीने निघाले असताना कळ आली, तशी यांनी गाडी कडेला घेतली होती. मागून येणाऱ्या टँकरच्या पठाण ड्रायव्हरने यांना उचलून पोलीस चौकीवर पोचवलं आणि तो आपल्या वाटेने गेला. पोलिसांनी अर्ध्या वाटेपर्यंत आणून अँब्युलन्सच्या स्वाधीन केलं.

“नाव किसी का लिखा नहीं है, दीदी,” ती म्हणाली. फोन कुणी केला, तेही तिला माहीत नव्हतं.

मला नाकासेन्दोवरचे ते हमाल आठवले. तनाबे-सानांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तीन महिन्यांनी हे पुन्हा कामावर जाऊ लागले. तो ड्रायव्हर आम्हांला शोधूनही सापडला नाही. तेव्हापासून देवापुढे बसले की पुढे काय होणार, हे मी विचारत नाही. ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, त्या माणसांचं भलं मागते आणि उठून कामाला लागते.