धाकटीच्या घरचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी मला बघायला आला होता. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. मी मात्र काढते, मनातल्या मनात.

आमच्या माहेरी, पेडण्याजवळच्या गावात, तो चुलत्याला घेऊन आला होता. मी दिलेला चहा प्याला, भजनातल्या पखवाजाबद्दल बोलत बसला. बोलतानाही बोटं गुडघ्यावर वाजत होती. मला माणूस आवडला. बाबांनी मात्र जमिनीची चौकशी केली. समुद्राकडची, रेताड, चार माड नि थोडे काजू, असं कळल्यावर पाहुण्यांची पाठ वळताच ते म्हणाले, "रेवेत काय पिकता?" आणि मला डिचोलीला दिलं, खाणीवर स्वतःचा ट्रक चालवणाऱ्याच्या घरी. तेव्हा दारात ट्रक म्हणजे दारात लक्ष्मी. पुढे दोन वर्षांनी धाकटीचं कुठे जमेना, तेव्हा हेच बाबा आपल्या पायांनी त्या रेतीत गेले आणि तिचं ठरवून आले.

मग खाणी बंद पडल्या. आमचा ट्रक फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी तो भंगारात गेला. आणि तिकडे रेतीवर माणसं उतरू लागली, देशोदेशीची. धाकटीने मागे भाड्याने द्यायला चार खोल्या बांधल्या, मग पुढे पडवी, मग लाद्या, मग ते दोन दारांचं फ्रीज. दर खेपेला मी जायचे, हात फिरवून "छान गो" म्हणायचे आणि परतीच्या बसमध्ये म्हापशापर्यंत कुणाशी बोलायचे नाही. बहीण वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. येताना पिशवी भरून द्यायची आणि मी ती घ्यायचे, याचाच जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी एका परप्रांतीय माणसाने तिच्या चारही खोल्या अख्ख्या वर्षासाठी घेतल्या. भाडेकरू ठेवला की पोलिसांत फॉर्म भरावा लागतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याला शेजारच्या वाड्यावरच्या एकाने आणलं होतं. भावोजी म्हणाले, "वळखीतलो आसा, फॉर्म कित्याक?" आमच्याकडे हे असंच. ओळखीच्याने माणूस आणला की त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे ओळखीच्याचा अपमान.

गणेशचवथीत दोन दिवस मी तिथे होते. समुद्र हाकेवर, पण त्या माणसाचे पाय कधी ओले झालेले दिसले नाहीत. स्कूटरवरून मुलगे यायचे, मागच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहायचे, जायचे. खोल्यांत कुणी राहतंय असं वाटत नव्हतं. फक्त कुलपं मोठी होती. मी बहिणीला विचारलं. ती भजी तळत होती. वर न बघता म्हणाली, "आमी थंय बघत नाय गो."

आणि त्याच खेपेला ती माटोळी. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधायची आमची रीत. डिचोलीला मी आणि नवरा दोन दिवस डोंगरात हिंडून कांगला, कुंड्याची फळं, आंबाडे गोळा करतो, काट्यांनी हात फाडून घेतो. हिने बांधली होती लाल ड्रॅगनफळं, किवी आणि एकेक करून जाळीत घातलेली सफरचंदं. रानाशी संबंध नाही. पण येणारा-जाणारा फोटो काढत होता आणि चवथीला तिच्याकडे आलेली माझी आई खुर्चीत बसून म्हणाली, "माटोळी अशी होयी. हिच्या नशिबाक तोड नाय." माझ्यासमोर म्हणाली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी हसले.

घरी परतले. माझा एक चुलतदीर पोलिसांत आहे. तो चवथीचं जेवायला आला. मी त्याच्या पानात पातोळी वाढता वाढता सगळं सांगितलं: कुलपं, स्कूटरी, ओले न होणारे पाय. ठाण्यावर जाऊन तक्रार वगैरे नाही, घरच्या माणसाला घरची गोष्ट. स्वतःला म्हटलं, बहिणीची काळजी वाटते म्हणून सांगते. खोटं. मला ती माटोळी खाली उतरलेली बघायची होती. धाड पडेल, भाडेकरू पळेल, खोल्या रिकाम्या राहतील आणि बंद धंद्याकडे बघत बसणं म्हणजे काय ते तिलाही एकदा कळेल. मला एवढंच हवं होतं.

आठ दिवसांनी धाड पडली. खोल्यांत पुड्या सापडल्या, दोन पोरं सापडली, तो माणूस सापडला नाही. भावोजींना दिवसभर बसवून संध्याकाळी घरी सोडलं. ते सुटले हेच नडलं. त्या माणसाच्या टोळीने सरळ हिशेब केला: मालक संध्याकाळी घरी आला, म्हणजे त्यानेच सांगितलं. हे मला नंतर चुलतदिराने समजावलं. माल गेल्याचं त्यांना एवढं नसतं, माल पुन्हा येतो. पण तोंड उघडलेला माणूस धडधाकट फिरताना दिसला तर उद्या आणखी कुणी तोंड उघडेल, म्हणून मारायचं. आणि ते पण चारचौघांत.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा भावोजी पाव घ्यायला पिशवी घेऊन दारात उभे होते. स्कूटरवरून दोघे आले. लोखंडी सळीने फक्त हातांवर मारलं, दोन्ही. जाताना एक जण म्हणाला, "अब बता पुलिस को." दुसरा काहीच बोलला नाही, कारण तो शेजारच्या त्याच वाड्यावरचा होता, भावोजींना तोंड ओळखीचं वाटलं. पण ते नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही.

मी पहिल्या बसने इस्पितळात गेले आणि तिथेच राहिले. धाकटीला घर, गुरं, म्हातारी सासू. भावोजींना भरवायला मीच होते. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. मी पेज चमच्याने तोंडाशी न्यायचे. हे लग्न झालं असतं तर हेच केलं असतं, असं मनात आलं आणि लाजही वाटली नाही. मग गावातले डबे येऊ लागले, भजनवाले आले, शेजारी पाळ्या लावून बसले. माझा ट्रक भंगारात गेला तेव्हा कोण आलं होतं? तिथेही माझ्या पोटात दुखलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

प्लास्टर निघालं. उजव्या हाताची बोटं मिटेनात. भावोजी रोज आईची शपथ घेऊन सांगायचे, मी सांगितलं नाही. बहीण म्हणायची, "मगे सांगल्यान कोणी?" मी पाणी आणायला उठायचे. चुलतदिराने मला बजावलं होतं, "वैनी, तोंड उघडू नकात, नायतर ते तुमच्या दारात येतले." मी भीतीने गप्प होते असं म्हणता आलं असतं. पण मला गुंडांपेक्षा बहिणीच्या तोंडाची भीती जास्त होती.

शेवटी तिने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावच्या देवळात वाड्यावरची सगळी जमली. नारळ ठेवला. धाकटीने माझा हात धरून मला पुढे उभं केलं. "बाय, तू नसतंस तर माजा काय झाला असता? तू माज्या वांगडा ऱ्हव."

गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या घाड्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तुज्या लेकराक ज्या कोणी हे दिस दाखयले..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तो गावचो असो, परगावचो असो, भायलो असो, घरचो असो..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या दारात तेचा केलेला परत घाल रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात गप्प राहिलेला माणूस लगेच दिसतो. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं. बहिणीने माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि माझा हात घट्ट दाबला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी शांतता आली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिथे देवासमोर मला तिचा हेवा वाटला.