आतेची पहिली रेकॉर्ड

देवांना बोलावण्याच्या गाण्याची एकोणीस कडवी होती आणि रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन मिनिटांहून जास्त काही मावत नव्हतं. कोणती ठेवायची हे मी ठरवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. एरवी ती मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. पण ती आमच्या गावची धवलारीण होती. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न धवलारीण लावते. ती गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावते, तिच्या गाण्यावर हळद लागते. लग्नाआधी पंधरा दिवस लग्नघरचं माणूस नारळ-सुपारी घेऊन तिच्याकडे येतं. लग्नाच्या त्या दिवसांत गावचा पाटीलसुद्धा आतेशी आवाज खाली करून बोलायचा.

मी मुंबईला मामाकडे राहून कॉलेजात शिकत होते. आमच्या घरातलं चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मराठीच्या सरांनी एकदा वर्गात विचारलं, गावाकडची गाणी कोणाला ठाऊक आहेत? मी हात वर केला, लगेच खाली घेतला, आणि तास संपल्यावर त्यांना आतेबद्दल सांगितलं. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ रेकॉर्ड कंपनीत होते. असं ते सुरू झालं.

मुंबईच्या माणसांना कळतील ते देव मी ठेवले. गणपती, खंडोबा, हरिहरेश्वराचा शंकर. बाकीचे गाळले. त्यात बांधावरची देवीही गेली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, तीच ती. तिला नावसुद्धा नाही. खरं सांगायचं तर सरांसमोर आतेकडून उतरवून घेतलेलं तिचं कडवं वाचताना मला थोडी लाज वाटली होती.

“आनि बांधावरची?” आतेने विचारलं.

“वेळेत बसत नाही गं.”

“बरं. तू शिकलेली.”

मोरा बंदरातून लाँचने आम्ही मुंबईला गेलो. स्टुडिओत आते अडून बसली. दिवा लावल्याबिगर देवाला हाक मारायची कशी? कंपनीच्या साहेबांनी दारावरचा लाल दिवा दाखवला. “बाई, हा लागतो ना.”

“त्यो तुमचा. माजा कुठं हाय?”

शेवटी शिपायाने कुठूनशी पणती आणली. आतेने डोळे मिटले आणि एका दमात दोन्ही बाजू गाऊन टाकल्या.

चार-पाच महिन्यांनी रेकॉर्ड आली. उरणच्या बाजारातल्या हॉटेलात ती लागली तेव्हा चहा सोडून माणसं बाहेर रस्त्यावर कर्ण्याखाली उभी राहिली. बाबांनी तीनदा लावायला सांगितली. आतेला मात्र आपला आवाज पसंत पडला नाही. “येवरी किरकिरते का गो मी?” असं ती मला विचारत राहिली. पण तिच्या टोपलीखाली मान जरा ताठ झाली होती, ते मी पाहिलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा चार घरं पलीकडे लग्न ठरलेलं होतं. लग्नाला आठ दिवस उरले तरी नारळ आला नव्हता. मग कळलं की नवरीच्या भावाने, जो मुंबईला गोदीत कामाला होता, चावीचा फोनो आणि आतेची रेकॉर्ड आणली आहे. “आतेच गातेय ना यात? मग तिला कशाला तरास?” असं तो सगळीकडे सांगत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आते मिठागरावर जायची, यायची, आणि दाराकडे पाठ करून जेवायची. यंदा एका घराने केलं की पुढच्या वर्षी सगळी घरं करणार, हे आम्हा दोघींना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. अंगणात बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि भाऊ फोनोला चावी देत होता. रेकॉर्ड वाजली, संपली, सुई खरखरत राहिली. नवरीच्या आजीने सूप खाली ठेवलं.

“आनि?”

“आनि काय आजी? संपलं.”

“संपलं कसं? बांधावरची कुठं हाय?”

“दुसऱ्या अंगाला असंल,” एक बाई म्हणाली. त्याने रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूला हळदीचं गाणं होतं. तेही संपलं.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मला राहवलं नाही. “आजी, ते कडवं मी गाळलं. आतेने नाही. तिनं विचारलं होतं मला.”

आजीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार.

“कालेजात ह्ये शिकवतात व्हय?” ती म्हणाली. बायका हसल्या. मग ती नातवाकडे वळली. “बांधावरचीला न बोलावता माजी नात बांध ओलांडून सासरी जाईल? ऊठ. नारळ घे.”

“अगं, पन ही रेकॉर्ड येवरी मुंबयवरनं...”

“ती पंगतीला लाव. जेवताना बरी हाय.”

तो कुरकुरत उठला. मी त्याच्याआधी घरी पोचायचं म्हणून मागच्या वाटेने जवळजवळ पळतच निघाले, पण दारात आले तेव्हा तो आधीच ओट्यावर बसलेला होता आणि आते त्याला झापत होती. पंधरा दिवस आधी यायचं असतं, हे घरात कोणी सांगितलं न्हाय का? मांडवाला उंबराची फांदी आणली का? कोणी आणायची? त्याच्या हातातला नारळ तिने घेतला, कानाशी हलवून पाहिला, आणि आत नेऊन देवापुढे ठेवला.

त्या दुपारी मी दोनदा भात मागून घेतला आणि भांडी न घासता तशीच ओट्यावर झोपले.