पान चौऱ्याहत्तरचा चिखल

नागपुरात इंदोऱ्यातल्या विहाराला लागून एक वाचनालय आहे. तिथून पुस्तक नेणं सोपं, परत करणं अवघड. टेबलामागे भीमाबाई बसलेल्या असतात. पुस्तक हातात घेतात, उलटंपालटं करून बघतात, पण रजिस्टर काही उघडत नाहीत.

"आधी सांग, कसं होतं?"

"चांगलं होतं, आजी."

"चांगलं तं भजंही राह्यते. पुस्तक कसं होतं?"

मग उभ्या-उभ्या सांगावंच लागतं. कोण आवडलं, कोणाचा राग आला, कुठं कंटाळा आला. सांगितल्याशिवाय नाव खोडायचं नाही, हा भीमाबाईंचा कायदा. कमिटीनं केलेला नाही, कुठं लिहिलेला नाही, पण अकरा वर्षांत एकानंही मोडलेला नाही.

भीमाबाई स्वतः चौथी शिकलेल्या. नरखेड तालुक्यातलं गाव. आईच्या मागं-मागं दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत निंदण-तोडणी करत वाढल्या. लग्न झालं ते कन्हानला, नवरा कोळशाच्या खाणीत. तो गेल्यावर लेकाकडे इंदोऱ्यात आल्या आणि बरीच वर्षं शाळेत खिचडी शिजवली. ते काम सुटलं तेव्हा कमिटीनं वाचनालयाची किल्ली हातात दिली. झाडायचं, पुसायचं, मागेल ते पुस्तक काढून द्यायचं. मागेल ते द्यायचं तर नावं वाचता यायला हवीत! म्हणून त्यांनी आधी पुस्तकांच्या पाठी वाचल्या. मग पोटात शिरल्या. आणि शिरल्या त्या थेट खुनाच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्यांत. कारण, त्यांच्याच शब्दांत, "बाकीचे पुस्तक झोपू देते. हे देत नाही."

ओळीखाली बोट, ओठ पुटपुटते, पान उलटायला पाच मिनिटं. नात प्रीती हसायची.

"आजी, या स्पीडनं तं खुनी म्हातारा होऊन मरंन वं!"

"मरू दे. पण माह्या हातून सुटणार नाही."

रद्दीवाल्यांकडून, सीताबर्डीच्या फूटपाथवरून, कोणाच्या घर बदलण्यातून त्यांनी एक-एक कादंबरी जमवली आणि एक लोखंडी कपाट भरलं. या कपाटावरच यंदा गदा आली.

निमित्त झालं 'सहा जणांची बाग'. लेखक मधुसूदन पाटणे, पुण्याचे. बसस्टँडवरच्या प्रत्येक स्टॉलवर ज्यांची पुस्तकं टांगलेली असतात ते. यावेळी त्यांनी खून घडवला तो थेट नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत. डिसेंबरची थंडी, बागेतल्या बंगल्यात सहा माणसं, आणि सकाळी बागमालक झाडाखाली मरून पडलेला. आपल्याकडची गोष्ट म्हटल्यावर वाचनालयात उडी पडली. आणि मग एक-एक जण परत करायला येऊ लागला.

नर्स असलेली कामिनी म्हणाली, "आजी, दोन दिवस डबा तसाच परत नेला घरी. एक नंबर!"

पार्लरवाल्या मिनलचा चेहरा उतरलेला. "तो भाचा मले पहिल्या पानापासून आवडून राहिला होता. अन् शेवटी त्यालेच खुनी केलं! माणसानं कोणावर भरोसा ठेवाव?"

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पियुष तर चिडलेलाच होता. "चीटिंग आहे, आजी. शेवटी ती इन्स्पेक्टर बाई भाच्याले पकडते, तो म्हणते कसं काय ओळखलं, अन् ही म्हणते, 'मला चिखलानं सांगितलं.' बस! एवढंच! कोणता चिखल? काही पत्ता नाही."

सगळ्यात कडक निघाले चंद्रभानभाऊ. एस.टी.त ड्रायव्हर, राहायला जरीपटक्याला, पण मूळ नरखेडकडचे, भावाची अजून तिकडे बाग. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलंच.

"चौऱ्याहत्तर पानं वाचले अन् सोडून देलं."

"काहून गा?"

"काहून म्हणजे? डिसेंबरात बागेत चिखल दाखवला त्यानं! त्या इन्स्पेक्टरचे बूट भरले म्हणे चिखलानं. अन् तो भाचा म्हणते, परवाच पाणी सोडलं. डिसेंबरात कोणी संत्र्याले पाणी सोडते का, भीमाबाई? या पुण्याच्या माणसानं संत्रा फक्त टोपलीत पाह्यला असंन!"

भीमाबाईंनी रजिस्टर उघडलं, नाव खोडलं. चौऱ्याहत्तराव्या पानावर त्यांचंही बोट थांबलं होतं. त्यांनाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्या पुढे गेल्या नव्हत्या; मागे गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात देवरावभाऊंनी बैठक बोलावली. देवरावभाऊ कमिटीचे अध्यक्ष, टपाल खात्यातून निवृत्त, माणूस सरळ पण कडक. रविवारी सकाळी वंदना झाली आणि पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली. कपाट आदल्या दिवशीच ओढून व्हरांड्यात काढलं होतं. भीमाबाईंनी जाता-जाता त्यावरची धूळ पदरानं पुसली.

"माह्यं म्हणणं साधं आहे," देवरावभाऊ उभे राहिले. "पोरं इथं अभ्यासाले येतात. त्यांच्यासाठी जागा पाहिजे, दोन कॉम्प्युटर पाहिजेत. अन् आपण जागा कशाले देऊन राहिलो? खुनाच्या गोष्टीले! बाबासाहेबांनी आयुष्यभर वाचलं ते काय असलं वाचलं?"

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून या प्रश्नाला उत्तर द्यायची हिंमत कोणाला?

"आता हेच पाहा, 'सहा जणांची बाग'. मीही वाचलं. दोन तासांत संपलं. डोक्यात काय राहिलं? काही नाही. शेवट आभाळातून टपकला. लिहिणाऱ्यानं डोकं लावलं नाही अन् वाचणाऱ्याले लावायची गरज नाही. असं पुस्तक वाचनालयात कायले पाहिजे? कोणी मले दाखवावं, यात एका जागी तरी डोकं लावलेलं आहे. दाखवलं तं कपाट आत. नाही तं रद्दीत."

"बरोबर आहे," मागून चंद्रभानभाऊ. "लेखकाले काही समजतच नाही."

भीमाबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला.

"मी दाखवतो."

पन्नास माना वळल्या. भीमाबाई आजवर बैठकीत चहा द्यायला उठल्या होत्या, बोलायला कधी नाही. प्रीतीनं पदर ओढला. "आजी, बस नं. लोकं हसतीन."

"हसू दे. पुस्तक आण."

पुस्तक आलं. त्यांनी चष्मा चढवला, ओळीखाली बोट ठेवलं. चारचौघांत त्यांनी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. पहिला शब्द दोनदा वाचला. कोणीतरी खुसखुसलं. भीमाबाईंनी बोट उचललं, त्या दिशेला नुसतं पाहिलं, आणि बोट परत ओळीखाली टेकवलं.

"पान... बारा. 'बाग... ताणावर होती. पाऊण महिना झाला, पाण्याचा थेंब नाही. पानं मलूल झाली होती. मालक म्हणाले, तहानली पाहिजे झाडं, तेव्हाच फुलतात.'"

चष्म्यावरून त्यांनी चंद्रभानभाऊंकडे पाहिलं. "सांगा भाऊ. बरोबर आहे का चूक?"

"हे... बरोबर आहे. आंबिया बहाराले, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडच्या फुलाले, ताण द्यावाच लागते. ताण मोडला तं फूल गेलं, वर्ष गेलं."

"म्हणजे लेखकाले समजते."

"हां, इथं समजते."

"मग बाराव्या पानावर ज्याले समजते, तो चौऱ्याहत्तरव्या पानावर भुलंन का?"

चंद्रभानभाऊ सतरंजीवर पुढे सरकले.

"आता ऐका. पान चौऱ्याहत्तर." आता आवाज मोकळा झाला होता. खिचडीच्या रांगेतल्या दोनशे पोरांना हाक मारणारा तोच आवाज. "'इन्स्पेक्टरचा बूट आळ्यात रुतला. परवाच पाणी सोडलं बागेला, भाचा म्हणाला आणि त्यानं रुमाल पुढे केला.' कोण म्हणाला?"

"भाचा!" मिनल ओरडली.

"अन् हा भाचा कोण? पान एकतीसवर काय म्हणते हा? 'मामा, तुम्ही मला लहानपणीच पाहिलंत. त्यानंतर बारा वर्षं मी संत्र्यातच काढली.' बारा वर्षं! अन् भर ताणात पाणी सोडते? अवं, माही आई अडाणी होती, दुसऱ्याच्या बागेत राबे. पण ताणातल्या बागेत कोणी तांब्याभर पाणी सांडलं तं अंगावर धावून जाये! बारा वर्षं संत्र्यात काढलेला माणूस डिसेंबरात मोटर चालू करतच नाही, अन् केली तरी पोलिसाले तोंडानं सांगत नाही. करणारा संत्र्यातला नाहीच. म्हणजे तो भाचाच नाही. दुसराच कोणी भाचा बनून आला."

"अन् मोटर कायले चालू केली त्यानं?" पियुष गुडघ्यांवर उठून बसला होता.

"तू सांग. एवढा अभ्यास करतं."

पियुषनं क्षणभर कपाळावर हात धरला. मग ताडकन उभाच राहिला. "रक्त! परवाच्याच रात्री झाडाखाली खून झाला. रक्त धुवाले पाणी सोडलं! मजूर ताणात सुट्टीवर, पाहाले कोणी नाही!"

"बरोबर. अन् ती इन्स्पेक्टर कुठली आहे? पहिल्या पानावर लिहून आहे, काटोलच्या मास्तरची पोरगी, म्हणजे संत्र्याच्याच मुलखातली. तिनं बूट पाह्यला, तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, चिखलानं सांगितलं. आभाळातून कुठं टपकला, देवरावभाऊ? जमिनीतून निघाला!"

हसू आधी कामिनीला फुटलं, मग सगळ्या सतरंजीवर पसरलं, मग टाळ्या. मिनल बाजूच्या बाईला सांगत होती, "म्हणजे खरा भाचा चांगलाच होता नं! मी म्हटलंच होतं!"

चंद्रभानभाऊ मात्र कपाळावर हात मारून बसले होते. "बापा! चिखल तं मलेच दिसला होता. पुऱ्या नागपुरात मलेच! अन् मी म्हटलं, लेखक मूर्ख आहे."

"तुमची नजर बरोबर होती, भाऊ," भीमाबाई म्हणाल्या. "आपल्याले फक्त असं वाटते का शेतीचं कोणी लिहिलं तं चुकीचंच लिहीन. मलेही वाटलं. पण मी हळू वाचतो. हळू वाचणाऱ्याले मागं जायचा आळस नसते."

देवरावभाऊंनी हात पुढे केला. भीमाबाईंनी पुस्तक दिलं. सगळ्यांदेखत त्यांनी बारावं पान काढलं, वाचलं. एकतिसावं वाचलं. चौऱ्याहत्तरावं वाचायला मात्र बराच वेळ लागला. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"मी हे दोन तासांत वाचलं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे वाचलंच नाही." मग घसा खाकरला. अध्यक्षांचा आवाज परत आणायला त्यांना थोडं जड गेलं. "प्रीती, लिही वं. कपाट राहीन."

"थांब, लिहू नको," भीमाबाई म्हणाल्या.

"आता काय राह्यलं, भीमाबाई?"

"कपाट राहीन, पण कोपऱ्यात नाही राहणार. दारासमोर राहीन. अभ्यासाले येणाऱ्या पोराले आधी तेच दिसलं पाहिजे. कॉम्प्युटर आणा, मी कुठं नाही म्हणतो? त्याले कोपरा पुरते."

देवरावभाऊंनी बैठकीकडे पाहिलं. बैठक त्यांच्याकडे बघत होती, आणि कोणत्या बाजूनं बघत होती ते सांगायची गरज नव्हती.

"लिही," ते प्रीतीला म्हणाले. "दारासमोर."

पोरं व्हरांड्यात धावली. पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट चौघांना उचलेना, मग सहा लागले, मग चंद्रभानभाऊंनी बाह्या सरसावल्या. "डावीकडून उचला! अबे, उंबरठा पाहा! पियुष, तुह्या बाजूनं झुकून राहिलं!" शेवटी देवरावभाऊंनीही चष्मा खिशात घातला आणि एक कोपरा धरला.

दारात कपाट अडलं. आत जाईना, बाहेर येईना. सगळ्यांनी भीमाबाईंकडे पाहिलं. त्या आत, रिकाम्या जागेच्या बरोबर मधोमध, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"घाई नका करू," त्या म्हणाल्या. "थोडं मागं घ्या. अन् मग या."